उजगरे यांचा गृहपाठ

बेंजामिन उजगरे, वय अडुसष्ट,
निवृत्त ड्रायव्हर, घोरपडी शेड,
टिळक रोडवरच्या माझ्या जपानीच्या वर्गात
पहिल्या बाकावर बसतात.
मागे विशीतली पोरं, सगळी हिंजवडीच्या वाटेवर.
"तुम्हाला कशाला हवी जपानी, काका?"
"गाडी वाचायचीये," एवढंच म्हणतात
आणि पेन्सिलीला टोक करतात.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अडवलं.
शिनकानसेन म्हणजे काय? अक्षर अक्षर सोडवून सांगा.
शिन, नवं. कान, खोड. सेन, रेघ.
नवा मुख्य मार्ग, मी म्हटलं. बस.
"म्हणजे यात बुलेट नाहीच?"
नाही.
"मग बंदूक भरली कुणी?"

उत्तर मला घरी जाऊन शोधावं लागलं.
चाळीसच्या सुमाराला एक आराखडा होता,
गोळीगाडी असंच त्याला लोक म्हणत.
जमिनी घेतल्या, डोंगर पोखरायला लागले,
मग लढाईने माणसं नेली, लोखंडही नेलं,
एक बोगदा अर्धाच राहिला, वर्षानुवर्षं ठिबकत.
चौसष्टच्या ऑक्टोबरात त्याच रोखाने
गाडी निघाली, तेव्हा तिचं नाव हिकारी.
उजेड.
आणि मागून येणारी, प्रत्येक स्टेशनाला थांबणारी,
तिचं नाव कोदामा,
डोंगराने परत केलेली हाक.
उजगरे बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
"आमच्या दौंड पॅसेंजरला
कुणी इतकं चांगलं नाव ठेवलं नाही हो."

त्यांची पहिली गाडी कुर्डुवाडीची, अडीच फुटी रुळांवरची.
जपानचे जुने रूळ साडेतीन फुटांचे,
हे कळल्यावर त्यांना कोण आनंद,
सोयरीक जुळल्यासारखा.
वहीत हिशेब मांडला: ताशी दोनशे दहा
म्हणजे कुर्डुवाडी ते बार्शी किती मिनिटं?
उत्तराखाली दोन रेघा मारल्या
आणि बाजूला लिहिलं: चहा राहिला.

मार्चमध्ये वाचनाचा उतारा दिला, सत्त्याऐंशी सालचा.
सरकारी रेल्वेची शेवटची रात्र.
बाराच्या ठोक्याला वाफेच्या इंजिनाने शिटी दिली
आणि सात कंपन्या झाल्या,
सहा माणसांच्या, एक मालाची.
कर्ज सदतीस लाख कोटी येन.
ज्या वर्षी उजेड धावला
त्याच वर्षी खातं पहिल्यांदा तोट्यात गेलं होतं,
हे वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतलं.
पुढचा शब्द अडला. कुसातोरी.
गवत उपटणं, मी म्हटलं.
"कुणी उपटायचं?"
जे जास्तीचे ठरले त्यांनी. ड्रायव्हरांनीसुद्धा.

पेन्सिल खाली ठेवली त्यांनी.
कुर्डुवाडीला वाफ बंद झाली तेव्हा
त्यांच्या उस्तादाला, शब्बीर तांबोळींना,
साहेबांच्या बंगल्यातल्या शेवंतीला पाणी घालायला लावलं.
"बत्तीस वर्षं आगीसमोर उभा राहिलेला माणूस.
इतकं पाणी घातलं त्याने, इतकं,
की शेवंती कुजली."
ते हसले. मागची पोरंही हसली,
मग गप्प झाली.

गेल्या शुक्रवारी अलका चौकात मी रिक्षात होते.
पुढे त्यांची स्कूटर, सिग्नल लाल,
मागून हॉर्नांचा कालवा.
हिरवा लागला.
ते निघाले नाहीत.
उजवा हात सरळ, बोट दिव्याकडे,
टोकियोतला ड्रायव्हर देतो तसा खणखणीत आवाज:
"शिंगो, योशी!"
सिग्नल, ठीक.
आणि मगच क्लच सोडला.
माझा रिक्षावाला म्हणाला, येडा आहे.

गृहपाठ होता, रोज काय करता, पाच वाक्यं.
त्यांनी तीनच लिहिली.
रात्री साडेदहाला गाडी येते.
मी फाटकापर्यंत जातो.
डबे मोजतो.
दुसऱ्या वाक्यात प्रत्यय चुकला होता,
मी गोल करून वही परत दिली.
त्यांनी उघडली, मिटली, पुन्हा माझ्यासमोर धरली.
"मॅडम, एक विनंती आहे.
तपासताना लाल पेन नको.
वाचताना त्या गोलाशी आलो
की पाय आपोआप ब्रेक शोधतो."